हिरव्या पेटीपासून घरापर्यंत

माझा भाचा गेल्या सप्टेंबरात शिकायला लीड्सला आला. आल्या आल्या चार मित्रांबरोबर एक जुनं घर भाड्याने घेतलं, कुकर घेतला, तूरडाळ कुठे मिळते ते शोधून काढलं आणि तिसऱ्या आठवड्यात मला फोन केला.

"आत्या, आम्हाला फसवलंय गं. पॅकेज ८० चं घेतलंय आणि येतात ३२. तेपण रात्री नाहीच. आजोबांशी बोलताना तर सारखं अडकतं. पण ते जाऊ दे, साताऱ्याचं नेटच बेकार आहे."

शेवटचं वाक्य ऐकून मला हसू आलं आणि थोडं कसंतरीही झालं. कारण अगदी हेच वाक्य २०१८ साली मी स्वतः जवळजवळ आठ महिने म्हणत होते. त्याला फोनवर जमेल तसं समजावलं, पण मध्येच त्याची बस आली. "तू लिहूनच काढ ना," म्हणाला. म्हणून बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. घरच्या मंडळींनी तारांचा भाग गाळला तरी चालेल. अण्णांचा भाग मात्र गाळू नका.

तर झालं असं. आम्ही तेव्हा रेडिंगच्या बाहेर, १९३० च्या दशकात बांधलेल्या एका घरात नुकते राहायला आलो होतो. (अजूनही तिथेच आहोत. छप्पर तेव्हाही गळत होतं, आताही गळतं.) दर रविवारी सकाळी साडेनऊला, म्हणजे थंडीच्या दिवसांत साताऱ्याच्या दुपारी तीनला, आईअण्णांना व्हिडिओ कॉल करायचा हा आमचा नेम. त्याच्या आदल्या वर्षी अण्णांचं विसरणं नुसतं वयाचं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. औषधं दिली आणि म्हणाले, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसांशी बोलणं होऊ दे. चेहरा दिसू दे. ते मी अगदी मनावर घेतलं होतं.

आणि नेमका चेहराच अडकायचा. पाच मिनिटं बरी जायची, मग माझं तोंड उघडं राहिलेलं चित्र तिकडे तसंच थांबायचं. आवाज तुटायचा. आई म्हणायची, "अगं, दिसत नाहीयेस." आणि अण्णा? अण्णा थोडा वेळ त्या थांबलेल्या चित्राकडे बघत बसायचे. मग एका रविवारी ते आईला म्हणाले, "फोटो चांगला आलाय हिचा." आणि उठून आत गेले.

आईने मला हे त्या दिवशी सांगितलं नाही, महिन्याभराने सांगितलं. पुढे पुढे तर दर रविवारी हेच व्हायला लागलं. चित्र थांबलं की अण्णांच्या दृष्टीने तो फोटो. फोटोशी कोण किती वेळ बोलणार? ते उठून जायचे. मी दोन मिनिटांनी परत जोडून यायचे तेव्हा समोर रिकामी खुर्ची.

आता दोष कुणाचा? माझ्या मनात शंकाच नव्हती. आमच्याकडे इंग्लंडमधलं 'फायबर' ब्रॉडबँड होतं, बिलावर तसं छापलेलं होतं. तिकडे साताऱ्यात दादाच्या मोबाइलचं फोर-जी. मी दादाला सिमकार्ड बदलायला लावलं. मग आईला गच्चीवर जाऊन बोलायला सांगितलं. एप्रिल महिन्यात, दुपारी, तिच्या गुडघ्यांसकट. बिचारी गेली. अण्णांनाही हाताला धरून वर नेलं. तिथेही चित्र अडकलं. शेवटी दादाने गल्लीतल्या केबलवाल्याकडून नवीन कनेक्शन घेतलं, राउटर बसवला, पैसे भरले. तरी अडकतंच. आणि तरीही माझं पालुपद चालूच, "तिकडचं नेट बघा जरा." गंमत म्हणजे साताऱ्यात कुणालाही ते खोटं वाटलं नाही. इंग्लंडचं नेट कसं खराब असेल?

इथे थोडं थांबून त्या 'फायबर' शब्दाबद्दल सांगते, कारण भाच्याचा अर्धा प्रश्न तिथेच आहे.

इंग्लंडच्या जुन्या वस्त्यांतून चालताना फुटपाथच्या कडेला हिरव्या लोखंडी पेट्या दिसतात. बऱ्याच ठिकाणी त्यांची जोडी असते. एक जुनी, आणि जवळच एक नवी, जरा मोठी. नवीच्या जवळ कान नेला तर आत पंख्याची घरघर ऐकू येते. (हो, मी कान नेलाय. कुत्रा फिरवायला निघालेल्या एक आजी माझ्याकडे बघत बघत रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या.) जुनी पेटी म्हणजे टेलिफोनच्या तारांचं जंक्शन. एक्सचेंजकडून आलेली जाड केबल एका बाजूला, घरोघर जाणाऱ्या तारांच्या जोड्या दुसऱ्या बाजूला, आणि कुठली जोडी कुठे जोडायची ते या पेटीत ठरतं. २०१० पासून या जुन्या पेट्यांशेजारी नव्या पेट्या बसायला लागल्या. एक्सचेंजपासून नव्या पेटीपर्यंत काचेची तार, म्हणजे खरं फायबर. तिथून एका छोट्या केबलने जुन्या पेटीत. आणि जुन्या पेटीतून आपल्या घरापर्यंत तीच तांब्याची टेलिफोनची जोडी, बहुतेक आपल्या जन्माच्याही आधी टाकलेली.

म्हणजे फायबर आपल्या घरात येत नाही, आपल्या रस्त्यापर्यंत येतं. पुढचं जे काही राहतं, तिथेच सगळा घोळ.

सुरुवातीला या जोडणीवर सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत मिळायचे, २०१२ पासून ८० पर्यंत, आणि आपल्याकडून वर जायला २० पर्यंत. यातला 'पर्यंत' हा शब्द जाहिरातीत बारीक अक्षरात असायचा. (आणि मेगाबिट म्हणजे मेगाबाइट नव्हे. आठ बिटचा एक बाइट. ८० मेगाबिटची लाइन असली तरी फाइल उतरताना सेकंदाला १० मेगाबाइटच दिसणार. ही फसवणूक नाही रे बाबा, हा भागाकार आहे.)

पण ८० का नाही मिळत? साध्या फोनवरच्या बोलण्याला साडेतीन किलोहर्ट्झच्या आतली कंपनं पुरतात. पेटीतून येणारं हे ब्रॉडबँड त्याच तारेवर १७ मेगाहर्ट्झपर्यंत चढतं. कंपनं जितकी वरची, तितकी ती तांब्यात लवकर विरतात. गावात वरात लांबून येत असली की आधी काय ऐकू येतं? ढोल. सनई ऐकू येते ती वरात कोपऱ्यावर आल्यावर. तसंच हे. पेटीजवळच्या घराला ढोलही मिळतो आणि सनईही. लांबच्या घराला नुसता ढोल. ढोबळमानाने सांगायचं तर पेटीपासून दोन-तीनशे मीटरच्या आत असाल तर ८० च्या आसपास, अर्ध्या किलोमीटरवर साठ किंवा त्याच्या आत, आणि एक किलोमीटरवर गेलात की पंचवीस-तीस. त्यात एकाच केबलमध्ये शेजाऱ्यांच्याही जोड्या असतात. त्यांनी हीच जोडणी घेतली की त्यांची सनई आपल्या तारेत थोडी थोडी झिरपते, आणि आपला वेग आणखी उतरतो. आपण काही केलेलं नसतं, शेजारी नुसते सुधारलेले असतात.

हे ज्ञान तेव्हा मला अजिबात नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की हिरवी पेटी आमच्या घराच्या अगदी समोर, रस्त्याच्या पलीकडे आहे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. म्हणजे आमचं नेट उत्तमच असणार!

आता अण्णा. जे पहिल्यांदाच वाचतायत त्यांच्यासाठी सांगते. माझे वडील टेलिफोन खात्यात होते. १९७५ मध्ये लागले, आणि २००० साली खात्याचं बी.एस.एन.एल. झालं तेव्हाही तारांतच होते. खांबावर चढणं, केबल जोडणं, तक्रारी काढणं. आमच्या लहानपणी साताऱ्याचा जुलै म्हणजे अण्णा घरात नसण्याचा महिना. पाऊस लागला की जमिनीखालच्या जुन्या कागदी वेष्टणाच्या केबलमध्ये पाणी जायचं आणि अख्ख्या पेठेचे फोन मुके व्हायचे. कधी कधी मी सायकलच्या कॅरियरवर बसून त्यांच्याबरोबर जायचे. खड्ड्यावर ताडपत्री, ब्लो-लॅम्पचा फरफर आवाज, ओलावा घालवायला ओतलेल्या गरम मेणाचा वास, आणि अण्णा एकेक जोडी हातात धरून पुटपुटतायत. पुढे जेलीच्या केबल आल्या तेव्हा त्यांचे रंग ते आम्हाला परवच्यासारखे म्हणायला लावायचे. ब्ल्यू, ऑरेंज, ग्रीन, ब्राऊन, स्लेट. स्लेट म्हणजे पाटी हे कळायचं, पण तो रंग करडा का म्हणायचा नाही हे मला कधीच कळलं नाही.

तर नोव्हेंबर २०१८ मधला एक रविवार. अण्णा नेहमीसारखे उठून गेले होते. मी दादाशी बोलत होते. सांगत होते की इकडच्या कंपनीलाही फोन करून बघितला, ते म्हणतात तुमची लाइन व्यवस्थित आहे. 'लाइन' हा शब्द आतल्या खोलीत गेला. अण्णा बाहेर आले, दादाच्या हातातून फोन घेतला.

"कुठली लाइन? डी.पी. कुठाय तुमचा?"

गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी मला एवढा सरळ प्रश्न विचारला नव्हता. मी म्हटलं, "अण्णा, डी.पी. नाही, इथे हिरवी पेटी असते रस्त्यावर. आमच्या समोरच आहे."

"समोरची पेटी तुमचीच, कशावरून?"

मी गप्प. हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नव्हता.

"तार कशी गेलीय बघितलंस का? घरासमोर डी.पी. असतो आणि लाइन असते पलीकडच्या गल्लीतल्या डी.पी.वर. आधीपासून तशीच टाकलेली असते. बदलतो कोण? आणि पाऊस पडला की खरखर होते का?"

"अण्णा, आम्ही तो फोन वापरतच नाही."

"मग वापरून बघ. तक्रार आली की आधी आपली बाजू तपासायची. मग पुढच्याच्या नावाने बोंब मारायची."

एवढं बोलून त्यांनी फोन दादाच्या हातात दिला आणि चहा मागितला. आईने मागून सांगितलं की चहा दहा मिनिटांपूर्वीच झाला होता. त्यांच्या लक्षात नव्हतं. डी.पी. लक्षात होता.

मी त्याच दुपारी बसले. फोन नंबर टाकला की लाइन कुठल्या पेटीवर आहे ते दाखवणारी सोय इंटरनेटवर होती. तिथे जो क्रमांक दिसला तो समोरच्या पेटीवर रंगवलेला क्रमांक नव्हताच. नवरोबा आणि मी शोधत निघालो. आमची पेटी सापडली ती रेल्वेच्या पुलापलीकडे, एका बंद पडलेल्या पबच्या शेजारी. येताना मी पावलं मोजली. साधारण एक किलोमीटर भरलं. आमच्या गल्लीच्या तारा पूर्वी कधीतरी त्या बाजूने आल्या होत्या, आणि समोरची पेटी पुढे झालेल्या नव्या वस्तीसाठी होती. आमच्या खिडकीतून दिसत होती ती दुसऱ्यांची पेटी.

मग माळ्यावरच्या खोक्यातून जुना वायरवाला फोन काढला. भिंतीवरच्या मुख्य सॉकेटचं खालचं झाकण दोन स्क्रू काढून उघडलं की आत चाचणीसाठी वेगळं सॉकेट असतं. तिथे लावलं की घरातली बाकीची सगळी वायरिंग बाजूला पडते, आणि फक्त बाहेरून आलेली तार उरते. म्हणजे दोष घरातला की बाहेरचा ते तिथल्या तिथे कळतं. त्या सॉकेटला फोन लावून १७०७० फिरवला, मग २ दाबला. ही शांत लाइनची चाचणी. त्यात काहीच ऐकू यायला नको. बाहेर पाऊस पडत होता. मला ऐकू आलं ते कढईत मोहरी तडतडावी तसं.

पुढच्या रविवारी मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "लिहून ठेव. तारीख, वेळ, पाऊस होता का, खरखर होती का. लिहिलेलं नसलं की साहेब ऐकत नाही."

मी तीन आठवडे लिहिलं. मुलीच्या शाळेच्या जुन्या वहीत, मागच्या पानांवर. कोरडा दिवस, खरखर नाही, वेग २२. पाऊस, खरखर, वेग ११, दोनदा तुटलं. वर जाणारा वेग तर एखाद्या ओल्या दिवशी १ च्याही खाली. आणि व्हिडिओ कॉलमध्ये माझा चेहरा साताऱ्याला पोचतो तो या वर जाणाऱ्या वेगावर. मी सिनेमा बघताना मला काही जाणवायचं नाही, कारण तो खाली येतो. अडकत होते ती मी. माझ्याच घरातून बाहेर पडताना.

ते वाचून मी जरा वेळ तशीच बसले. एप्रिलच्या उन्हात गच्चीवर चढलेली आई डोळ्यांसमोर आली.

कंपनीचा पहिला माणूस आला तो नेमका कोरड्या दिवशी. मीटर लावला, म्हणाला सगळं ठीक. वर फोनवरून सूचनाही होती की दोष तुमच्या घरात निघाला तर पैसे पडतील. मी कंपनीला परत फोन केला, वही वाचून दाखवली. दुसऱ्यांदा आला तो पन्नाशीचा, शांत माणूस. त्याने वही हातात घेतली, सगळी पानं वाचली आणि हसला. विचारलं, हे कुणी लिहायला सांगितलं? मी म्हटलं, माझे वडील टेलिफोन खात्यात होते. तो म्हणाला, मला वाटलंच.

त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली, जी अण्णांनाही माहीत असायचं कारण नव्हतं. या पेटीवाल्या लाइनवर पलीकडे एक यंत्रणा सतत पहारा देते. चुका वाढल्या किंवा जोडणी वारंवार तुटली की ती आपण होऊन वेग कमी करते, म्हणजे लाइन स्थिर राहावी. आणि मी काय करत होते? चित्र अडकलं की राउटर बंद, राउटर चालू. रविवारी पाच पाच वेळा. त्या यंत्रणेला वाटत होतं, ही लाइन सारखी तुटतेय, आणखी हळू करा. म्हणजे तारेने बिघडवलं त्यात मी भर घालत होते.

दोष सापडला तो आमच्या घरापासून तिसऱ्या खांबाच्या पायथ्याशी, जमिनीतल्या एका खोक्यात. जोड उघडा पडलेला, न घासलेल्या तांब्याच्या भांड्यावर येतो तसा हिरवा थर, आणि दोनातली एक तार नावापुरती चिकटलेली. पाऊस आला की खोक्यात पाणी. त्याने नवीन जोड केला, आत जेली भरलेल्या चिमट्यांचा. म्हणाला, नशीब तुमच्याकडे तांबं तरी आहे. १९७० च्या आसपास तांबं महागलं तेव्हा या देशात काही भागांत ॲल्युमिनियमच्या तारा टाकल्या होत्या. तिथे हे काम आणखी जिवावर येतं. मी त्याची परवानगी घेऊन जुन्या जोडाचा फोटो काढला.

आठ-दहा दिवस राउटरला हात लावू नका, अशी त्याने तंबी दिली होती. वेग हळूहळू चढत २९ वर येऊन थांबला. वर जायला ५. ऐंशी नाहीच. एक किलोमीटर तांब्यावरून यापेक्षा जास्त येणारच नव्हतं, आणि कुणाशी भांडून ते अंतर कमी होणार नव्हतं. पण २९ होते ते २९ राहिले. पाऊस असो, ऊन असो.

डिसेंबरातल्या त्या रविवारी मी अण्णांना जोडाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला. "हा कुणी केला जॉइंट? बिनपगारी केलं पाहिजे त्याला." मग बोलतच राहिले. पोवई नाक्याजवळचा कुठला तरी खड्डा, रात्रभर चाललेलं काम, दिवाळीच्या आदल्या दिवशी सापडलेली जोडी. काही नावं चुकली, काही गोष्टी दोनदा आल्या. मी आणि आई मध्ये बोललो नाही. चाळीस मिनिटं. चित्र एकदाही थांबलं नाही आणि ते उठून गेले नाहीत. कॉल संपल्यावर दादाने निरोप पाठवला, "आज कळलं का नेट कुणाचं बेकार होतं?" मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आईची माफी मात्र पुढच्या सुट्टीत समोर बसून मागितली. ती म्हणाली, "अगं, त्या निमित्ताने गच्चीवरचे पापड तरी बघून झाले."

तर भाचेबुवा, आता तुझ्यासाठी. तुझ्या कराराच्या कागदावर 'पार्ट फायबर' लिहिलंय म्हणालास, ते खरं बोलतायत. पूर्वी असल्या जोडणीलाही बिनदिक्कत 'फायबर' म्हणायचे. सप्टेंबर २०२४ पासून ऑफकॉमच्या सूचनेप्रमाणे काच थेट घरात येत असेल तरच नुसतं फायबर म्हणायचं. जाहिरातीतला ८० हा सगळ्यांना मिळणारा आकडा नसतो. मे २०१८ पासूनचा नियम एवढाच आहे की तो आकडा गर्दीच्या वेळी निदान निम्म्या ग्राहकांना मिळाला पाहिजे. तू बाकीच्या निम्म्यांत असशील. म्हणून जाहिरात सोड आणि करार काढ. मार्च २०१९ पासून ऑफकॉमच्या संहितेवर सही केलेल्या कंपन्यांना तुझ्या लाइनचा किमान हमीचा वेग विकतानाच सांगावा लागतो. प्रत्यक्ष वेग त्याच्या खाली गेला आणि तीस दिवसांत सुधारला नाही, तर दंड न भरता बाहेर पडता येतं.

पण त्याआधी राउटरला लॅपटॉप वायरने जोडून मोज. चार विटांच्या भिंती ओलांडून वरच्या खोलीत वाय-फायवर मोजलेला वेग हा लाइनचा वेग नव्हे. मग राउटर चाचणीच्या सॉकेटला लावून मोज. मग वही घे. राउटर सारखा बंद-चालू करू नकोस. आणि आपली पेटी कुठली ते बघून ये, चालत. नुसतं समोर दिसतेय म्हणून आपली समजू नकोस. तुझ्या जोडणीवर बहुधा फोनचा आवाज येणारच नाही, कारण जुनी टेलिफोन व्यवस्था जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायची असं इथे २०२४ मध्ये ठरलं. त्यामुळे खरखर ऐकायची सोय तुला नाही. तेवढी आम्हाला होती.

आमच्याकडे २०२३ मध्ये काच थेट घरात आली. त्याच खांबावरून, बारीक काळी केबल. आता पेटीपासूनचं अंतर मोजायचं कारण नाही. प्रकाशाला एका किलोमीटरने काही फरक पडत नाही. एकच धागा वाटेत तीस-बत्तीस घरांत वाटला जातो, तरी पुरून उरतो. ते बसवायला आलेल्या मुलाने विचारलं, जुनी तार ठेवायची की काढायची? मला उगाचच भरून आलं. ती तार नसती तर तो डिसेंबरातला रविवार नसता, असलं काहीतरी मनात आलं. म्हटलं थांब जरा, आणि सरळ साताऱ्याला कॉल लावला. तोपर्यंत अण्णा फार कमी बोलायला लागले होते. त्यांना तार दाखवली, विचारलं, ठेवू का?

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मेलेली तार खांबावर ठेवू नये. पुढच्या माणसाला वाटतं जिवंत आहे. काढायला सांग."

काढायला सांगितली. त्या मुलाने ती गुंडाळली आणि व्हॅनमध्ये टाकली.

आता रविवारी चित्र अडकत नाही. बोलता बोलता अडकतात ते अण्णा. एखाद्या शब्दाशी थांबतात आणि माझ्याकडे बघत राहतात. पूर्वीची सवय म्हणून अजूनही कधी कधी माझी नजर राउटरच्या दिव्याकडे जाते. दिवा हिरवाच असतो. मग मी गप्प बसते आणि त्यांची लाइन लागायची वाट बघते. कधी लागते, कधी आई विषय बदलते.

परवा भाच्याचा निरोप आला. त्याने वायरने मोजलं, ३८ आले. पेटी सातशे पावलांवर आहे. आणि आजोबांचा कॉल अडकत होता तो वरच्या खोलीतल्या वाय-फायमुळे. आता तो खाली जिन्यात बसून बोलतो. या रविवारी आजोबांनी त्याला विचारलं म्हणे, "डी.पी. कुठाय तुमचा?"

त्याने पेटीचा फोटो काढून तयारच ठेवला होता.